शाख्तला उत्तर देण्याआधी

पत्र : चाचा, सलाम. आमच्याकडे दादीपासून सगळे तुमचं सदर वाचतात, म्हणून तुम्हालाच विचारते. आम्ही मूळचे दापोली तालुक्यातले. अब्बांची उभी नोकरी कुवेतला गेली, आता ते गावीच असतात. मी इंग्लंडमध्ये धर्मांच्या इतिहासात एम. ए. करतेय. वर्गात सरांनी सांगितलं की पैगंबरांच्या (स.) नंतर दोनशे वर्षं हदीस, म्हणजे त्यांच्या बोलण्या-वागण्याच्या आठवणी, नुसत्या तोंडी फिरत होत्या, मग बुखारींनी त्या लिहिल्या, आणि जोसेफ शाख्त नावाच्या विद्वानाने दाखवून दिलंय की कायद्यासंबंधीच्या बहुतेक हदीस नंतर रचून पैगंबरांच्या नावावर चढवल्या. घरी फोनवर हे बोलले तर अब्बा भडकले : ‘हे सगळे दीनचे दुश्मन. कोर्स सोड आणि घरी ये.’ मामूंनी ‘ओरिएंटलिस्टांना सडेतोड उत्तर’ छापाचे व्हिडिओ पाठवलेत. पुढच्या आठवड्यात याच विषयावर मला वर्गात बोलायचंय. काय बोलू? आणि एक गोष्ट घरात कुणालाच सांगितलेली नाही : ऐकता ऐकता मलाही शंका यायला लागलीय. ते अब्बांना सांगू का? (नाव छापू नका.)

उत्तर : वालेकुम सलाम, बेटा. मामूंचे व्हिडिओ तूर्त बाजूला ठेव. सडेतोड उत्तर खिशात घेऊन गेलेल्याला समोरच्याचा प्रश्न नीट ऐकू येत नाही. आणि तुझ्या सरांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. हदीस उशिरा लिहिल्या गेल्या, हा एक. हदीस खोट्या रचल्या गेल्या, हा दुसरा. त्याच दिवशी लिहिलेलं खोटं असू शकतं आणि शंभर वर्षांनी लिहिलेलं खरं. वर्गात पहिल्या दोन मिनिटांत एवढं सुटं करून ठेवलंस तरी पुढचं बोलणं सोपं जाईल.

आधी उशिराचं बघू. पैगंबर (स.) वारले इ. स. ६३२ मध्ये, बुखारी जन्मले ८१० मध्ये आणि वारले ८७० मध्ये. वजाबाकी केली तर दोनशे वर्षं भरतात, तिथे सरांचं चुकलं नाही. पण बुखारी हे पहिले लिहिणारे नव्हेत. आधीच्या ढिगातून निवडून घेणारे आहेत. त्यांच्या आधी मदीनेत इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांचा ‘मुवत्ता’ हा संग्रह तयार होता, यमनमध्ये सनआच्या अब्दुर्रज्जाकांचा (मृत्यू ८२७) भलामोठा ‘मुसन्नफ’ होता. त्याच्याही मागे, ७१७ ते ७२० या काळात खलिफा असलेल्या उमर बिन अब्दुल अजीज यांनी मदीनेच्या अबू बक्र बिन हज्म यांना हदीस लिहून काढायचा हुकूम पाठवला, ही नोंद खुद्द बुखारीतच आहे. आणि दोनशे वर्षांचं अंतर म्हणजे दोनशे तोंडं नव्हेत. बुखारींच्या संग्रहात बावीस हदीस अशा आहेत की बुखारी आणि पैगंबर यांच्यामध्ये फक्त तीन माणसं येतात. त्यांतली पहिली कोणती आहे बघ : ‘मी जे बोललो नाही ते जो माझ्या नावावर सांगेल, त्याने आपली जागा आगीत शोधावी.’

आता एक अवघड गोष्ट, जी मामूंच्या व्हिडिओत बहुधा नसेल. इमाम मुस्लिम यांच्या ‘सहीह’ या संग्रहात अबू सईद अल-खुदरी यांची हदीस आहे की कुरआनखेरीज माझं काही लिहू नका, लिहिलं असेल तर पुसून टाका. सरांनी ही काढली तर दचकू नकोस. ती आपल्याच घरातली आहे. मात्र तिच्या शेजारी दुसऱ्याही आहेत. मक्का जिंकल्यावरचं प्रवचन ऐकून अबू शाह नावाचा यमनी माणूस म्हणाला, मला हे लिहून द्या. तेव्हा पैगंबरांनी ‘अबू शाहला लिहून द्या’ असं सांगितलं. अबू हुरैरा हे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, म्हणतात की माझ्याहून जास्त हदीस फक्त अब्दुल्लाह बिन अम्रकडे असतील, कारण तो लिहायचा आणि मी लिहीत नव्हतो. हजरत अलींकडे एक लिहिलेला कागद होता, त्यात खुनाची भरपाई, कैद्यांची सुटका असले नियम होते. म्हणजे पहिल्या पिढीत लिहिणारेही होते आणि लिहिण्याला नाक मुरडणारेही. मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसीच्या जाणकारांनी, दोन्ही बाजू जपून ठेवल्या. अकराव्या शतकात खतीब बगदादी यांनी या वादावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. ते पुस्तक एकोणिसाव्या शतकात युरोपच्या नजरेस आणलं ते आलोइस श्प्रेंगर या ऑस्ट्रियन माणसाने, जो दिल्ली कॉलेजचा प्राचार्य होता. त्याने १८५६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याच्या आधारे दाखवलं की मुसलमानांत लिहून ठेवायची सवय समजली जाते त्याहून बरीच जुनी आहे. ‘पाश्चात्त्य म्हणतात’ असं सरसकट बोलू नकोस, ते यासाठी. पाश्चात्त्यांचं आपापसात कधीच एकमत नव्हतं.

वर्गात दाखवायला मला विचारशील तर एकच जागा सुचवीन. बुखारीत शपथा आणि नवसांचं प्रकरण उघड. तिथे हम्माम बिन मुनब्बिह यांच्याकडून आलेली एक हदीस आहे : घरच्यांच्या बाबतीत घेतलेल्या चुकीच्या शपथेला हट्टाने चिकटून राहणं हे शपथ मोडून प्रायश्चित्त देण्यापेक्षा मोठं पाप आहे. प्रकरणाला धरून आहे. पण तिच्या आधी, त्याच सनदेने (कुणी कुणाकडून ऐकलं त्या नावांच्या साखळीने), एक वाक्य येतं : ‘आपण शेवटी आलेले, पण कयामतच्या दिवशी सर्वांत पुढे.’ याचा शपथांशी काडीचाही संबंध नाही. मग ते तिथे आलं कसं? हम्माम हे अबू हुरैरांचे शागीर्द. गुरूकडून ऐकलेल्या हदीसींची त्यांची वही होती, आणि त्या वहीची पहिली ओळ हीच होती. वहीतून मधलीच एखादी हदीस उचलायची तर वही कोणती हे कळावं म्हणून तिची पहिली ओळ आधी द्यायची, मग हवी ती हदीस. इमाम मुस्लिमही याच वहीतून घेताना दर वेळी म्हणतात की अबू हुरैरांनी आम्हाला सांगितलेल्या कित्येक हदीसींपैकी ही एक. नुसतं तोंडी फिरणाऱ्या गोष्टीवर असल्या खुणा पडत नाहीत. समोर कागद असला की पडतात.

हीच वही १९५३ मध्ये दमास्कसच्या अरबी अकादमीच्या नियतकालिकात छापून आली. बर्लिन आणि दमास्कस इथली हस्तलिखितं ताडून ती उभी केली डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी. हे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि तिथेच शिकवलं. म्हणजे आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, तिथलेच. वहीत १३८ हदीस आहेत, आणि बहुतेक सगळ्या इमाम अहमद यांच्या ‘मुस्नद’मध्ये जवळजवळ त्याच शब्दांत सापडतात. तीन-चार पिढ्या हातोहात गेलेला मजकूर इतका कमी हलला, ही साधी गोष्ट नाही.

पण इथेच हुरळू नकोस. समोरचा हुशार असेल तर विचारेल की ती हस्तलिखितं तरी केव्हाची? ती कित्येक शतकांनंतरच्या नकला आहेत, आणि वहीवरचं अबू हुरैरांचं नावही सनदेच्याच भरवशावर आहे. प्रश्न रास्त आहे. हम्मामची वही एवढं नक्की सांगते की मुसन्नफ आणि मुस्नद यांच्या आधी एक लिखित संग्रह होता आणि तो इमानाने उतरवला गेला. त्यातला प्रत्येक शब्द पैगंबरांचाच, हे ती एकटी सिद्ध करत नाही. जेवढं हातात आहे तेवढंच मांडायचं.

याच रांगेत नाबिया अ‍ॅबट यांचं नाव घे. तुर्कस्तानातल्या मार्दिनला ख्रिस्ती घरात जन्मलेली ही बाई मुंबईच्या शाळेत शिकली, लखनौला पदवी घेतली आणि पुढे शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमधली पहिली महिला प्राध्यापक झाली. तिने १९६७ मध्ये जुन्या पपायरसांवरचे हदीस आणि तफसीरचे (कुरआनच्या विवरणाचे) तुकडे वाचून छापले आणि म्हटलं की लिहिणं पहिल्यापासून चालू होतं; बुखारींनी सहा लाखांतून निवडल्या असं जे सांगतात, त्या आकड्यात मजकूर थोडे आणि सनदा फार, कारण एकच हदीस दहा वाटांनी आली की ती दहा मोजली जाते. सहा लाखांचा आकडा ऐकून वर्ग हसला, तर हे सांग.

‘उशिरा’चं एवढं पुरे. ‘खोटं’ हा प्रश्न जास्त खोल आहे, आणि त्याचं पहिलं उत्तर ऐकून अब्बांना धक्का बसेल : हो, रचल्या. ढीगभर रचल्या. हे इग्नाझ गोल्डत्सिहर यांनी १८९० मध्ये मांडलं की उमय्या आणि अब्बासी या खलिफा-घराण्यांची भांडणं, पंथ आणि प्रांतांचे हेवेदावे हदीसींत उतरलेत. पण त्याच्या हजार वर्षं आधी आपलेच लोक हे बोलत होते. खलिफा महदीला कबुतरांचा नाद. गियास बिन इब्राहीम नावाचा एक दरबारी त्याला हदीस ऐकवायला गेला : पैज फक्त बाण, उंट आणि घोडा यांवर लावावी. कबुतरं बघून बहाद्दराने पुढे जोडलं, ‘आणि पंखवाल्यांवर.’ खलिफाने इनाम दिलं, तो पाठमोरा होताच म्हणाला की ही खोटारड्याची मान आहे, आणि कबुतरं कापायला लावली. मुस्लिम यांच्या प्रस्तावनेत याह्या बिन सईद अल-कत्तान यांचं म्हणणं आहे की सज्जन लोक हदीसीत जितके खोटं बोलतात तितके दुसऱ्या कशात बोलत नाहीत. मुस्लिम पुढे समजावतात की ते मुद्दाम नाही, त्यांच्या तोंडून नकळत जातं. बाराव्या शतकात इब्नुल जौजींनी बनावट हदीसींचा स्वतंत्र ग्रंथ केला. दारकुत्नींनी तर बुखारी-मुस्लिममधल्या काही सनदांवरही बोट ठेवलं आणि त्यांना कुणी काफिर ठरवलं नाही.

आणि लांब कशाला जायचं? १५ ऑगस्टला आपल्याकडच्या किती उर्दू शाळांत ‘हुब्बुल वतन मिनल ईमान’, वतनावरचं प्रेम हा ईमानचा भाग, असा फलक लागतो! वाक्य छानच आहे. पण लाहोरात जन्मलेल्या इमाम सागानींनी तेराव्या शतकातच ते बनावट हदीसींत टाकलं होतं. फलक लावायला माझी हरकत नाही, खाली पैगंबरांचं नाव घालायला आहे.

गोल्डत्सिहर यांच्याबद्दल अब्बांना आणखी एक सांग. हंगेरीतला हा ज्यू तरुण १८७३-७४ मध्ये कैरोच्या अझहरमध्ये जाऊन शेखांच्या पायाशी बसून शिकला. त्या काळाबद्दल त्याने आपल्या रोजनिशीत लिहिलंय की मनातून मी स्वतःला मुसलमानच समजू लागलो होतो. त्याचे निष्कर्ष मला सगळे पटत नाहीत, पण दुश्मन म्हणून हिशोब मिटवता येईल असा हा माणूस नव्हे. उलट विल्यम म्यूर हे वायव्य प्रांतातले बडे इंग्रज अधिकारी, मिशनऱ्यांना हाताशी यावं म्हणून पैगंबरांचं चरित्र लिहिणारे. तिथे अब्बांचा राग समजू शकतो. त्यांना उत्तर द्यायला सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले, ग्रंथालयांत बसले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीत पुस्तक छापलं. राग आला तर काय करायचं, याचा हा चांगला नमुना आहे. आणि त्या पुस्तकातसुद्धा सर सय्यद म्हणत नाहीत की सगळ्या हदीस खऱ्या. ते म्हणतात, पारखून घ्या.

आता शाख्त. नात्झींच्या राजवटीत राहायचं नाही म्हणून देश सोडलेला हा जर्मन, कैरोत शिकवून पुढे ऑक्सफर्डला गेला. त्याचं पुस्तक १९५० चं. त्याचं म्हणणं आपल्या मराठी माणसाला चटकन कळेल, कारण अस्सल पत्र आणि बखर यांचं भांडण आपण शंभर वर्षं ऐकतोय. बखरकार नंतरच्या काळातला, त्याला आपल्या वेळचे हक्क आणि मानपान मागे नेऊन चिकटवायचे असतात, म्हणून बखरीवर एकदम विसंबू नये, असं आपले इतिहाससंशोधक सांगत आले. शाख्त सनदेबद्दल तेच म्हणतो. मत आधी ताबईंच्या (सहाबींच्या पुढच्या पिढीच्या) नावावर होतं, मग ते सहाबींच्या नावावर गेलं, मग पैगंबरांच्या. सनद मागे मागे वाढत गेली. दुसरं म्हणजे, एखाद्या वादात जी हदीस काढताच वाद मिटला असता ती कुणी काढली नाही, तर ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. आणि सगळ्या सनदा एका माणसापाशी येऊन मिळत असतील तर त्या माणसावर किंवा त्याच्या आडून दुसऱ्या कुणावर संशय घ्या.

‘कुणी काढली नाही’ हा मौनाचा मुद्दा सगळ्यात लंगडा आहे, आणि तो पाडायला तुला फार कष्ट नाहीत. जफर इसहाक अन्सारी यांनी जुने ग्रंथ शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं की आधीच्या ग्रंथात असलेल्या कित्येक हदीस नंतरच्या ग्रंथात आढळत नाहीत. मग काय त्या पुसल्या गेल्या? फकीह, म्हणजे कायद्याचा जाणकार, जेवढं लागेल तेवढं सांगायचा. प्रत्येक वेळी पेटारा उपडा करायचा नाही. मुहम्मद मुस्तफा आजमी यांचं काम तुझ्या वाचनयादीत नसेल तर सरांना आवर्जून सांग. हे उत्तर प्रदेशातल्या मऊचे, देवबंद आणि अझहर करून केंब्रिजला गेले आणि १९६६ मध्ये तिथे पीएच.डी. मिळवली, विषय हाच, सुरुवातीचं हदीस वाङ्मय. नंतर शाख्तवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांचं वाचताना एक सावधगिरी बाळग : शाख्तच्या चुका ते फार बारकाईने काढतात, पण कोणी लिहीत होतं हे दाखवण्यासाठी ज्या नोंदी देतात त्या नंतरच्या ग्रंथांतल्या आहेत, आणि ज्याला त्या ग्रंथांवरच विश्वास नाही तो तिथे अडणार.

या अडलेल्या जागेतून वाट काढली ती हाराल्ड मोत्स्की या जर्मन संशोधकाने, १९९१ मध्ये. त्याने अब्दुर्रज्जाकांचा मुसन्नफ घेतला आणि त्यात मक्केच्या इब्न जुरैज यांच्याकडून आलेला मजकूर वेगळा काढला. इब्न जुरैज ७६७ च्या सुमारास वारले. त्यांचे उस्ताद अता बिन अबी रबाह. मोत्स्की असं विचारतो की हा माणूस खोटं रचत असता तर कसा बोलला असता? सरळ पैगंबरांचं नाव घेतलं असतं. निदान सगळं उस्तादांच्या तोंडी घातलं असतं. प्रत्यक्षात अतांचं बरंचसं बोलणं त्यांचं स्वतःचं मत आहे, पैगंबरांचा हवाला क्वचित. कधी शागीर्द विचारतो आणि उस्ताद म्हणतात, मला माहीत नाही. वर्षानुवर्षं अतांजवळ बसलेला हा माणूस मध्येच सांगतो की हे मी स्वतः ऐकलं नाही, दुसऱ्या कुणीतरी मला अतांकडून सांगितलं. कुठे दोन उत्तरं जुळत नाहीत, तर ती तशीच ठेवतो. खोटं रचणारा इतका ओबडधोबड राहत नाही. त्यावरून मोत्स्कीने म्हटलं की निदान आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या मक्केतल्या वर्गांत जे चालायचं ते खरंच आपल्या हाती आहे. शाख्तला जिथे धुकं दिसत होतं तिथे आता माणसं दिसतात.

आणि ज्या छापील मुसन्नफवर मोत्स्कीचं हे काम उभं आहे, तो अकरा खंडांत संपादित केला मौलाना हबीबुर्रहमान आजमी यांनी. हेही मऊचेच, मदरशात शिकलेले आणि मदरशातच शिकवणारे. १९७० ते ७२ मध्ये तो बैरूतला छापला गेला. ज्याला आपण ‘पाश्चात्त्य संशोधन’ म्हणतो त्याची सामग्री अशी एका हिंदुस्थानी मौलवींच्या बैठकीतून गेली आहे. अब्बांना फोनवर सांगायची पहिली गोष्ट मी हीच ठेवली असती.

आता उरलं ते उघडपणे बोल, वर्गात आणि स्वतःशीही. मोत्स्की आठव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत नेतो. काही हदीसींच्या बाबतीत त्याने आणि इतरांनी सनद आणि मजकूर एकत्र ताडून थोडं आणखी मागे नेलंय. त्याच्या पलीकडे, पैगंबरांच्या तोंडापर्यंत, पन्नास-साठ वर्षं राहतात. त्या टप्प्यावर मुहद्दिस म्हणतो की सहाबी पैगंबरांवर खोटं घालणार नाहीत. हा आपला अकीदा, आपली श्रद्धा आहे. इतिहासकार तो गृहीत धरत नाही. त्याच्या धंद्यात कुणालाच आधी सूट नसते. म्हणून तो जिथे ‘शक्य आहे’ किंवा ‘संभवतं’ म्हणतो तिथे आपण ‘सहीह’ (अस्सल) म्हणतो. वर्गात उभी राहून हा फरक तूच आधी सांगितलास तर समोरच्याच्या हातात फारसं काही उरत नाही. आणि त्यालाही विचार : ‘खोटं ठरेपर्यंत खरं’ हे जर गृहीतक असेल, तर ‘खरं ठरेपर्यंत खोटं’ हे काय आहे?

तुझ्या शंकेचं. मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. इब्न सिरीन सांगतात की आधी लोक सनद विचारत नसत, फितना (मुसलमानांतली यादवी) झाला तेव्हा म्हणू लागले, तुमच्या माणसांची नावं सांगा. हदीसीचं सगळं शास्त्र या ‘नावं सांगा’वर उभं आहे. रोजा-नमाज चालू ठेव, दुआ माग, आणि एखादी हदीस डळमळीत वाटली म्हणून सगळं घर कोसळलं असं एका रात्रीत ठरवू नकोस. महिना-दोन महिने जुनी पुस्तकं वाचल्यावर तुझी शंका आज आहे तशीच राहणार नाही. ती कमी होईल की बदलेल, ते मी इथून सांगू शकत नाही.

अब्बांना मात्र ही शंका फोनवर सांगू नकोस. उभा जन्म परदेशात काढून मुलीला शिकवणाऱ्या बापाला इतक्या लांबून ‘मला शंका येते’ एवढंच ऐकू जातं, पुढचं जात नाही. सुट्टीत घरी गेलीस की सांग, समोर बसून, आणि अम्मीलाही जवळ बसव. फोनवर आधी त्यांनाच प्रश्न विचार : कुवेतच्या मशिदीत त्यांनी कोणकोणते दर्स ऐकले, कोणते खतीब आवडायचे, कोणती हदीस पाठ आहे. त्यांनी सांगितलेल्यांतली एक घे, तिची सनद शोध, रावींची (ती सांगत आलेल्यांची) नावं लिहून काढ आणि त्यांना वाचून दाखव. कोर्स सोडण्याचा विषय मग तेच काढतात का, ते बघ.